मालनआत्याचा टीबी

"पप्पा, टीबीच्या औषधानं डोक्यावरचे केस जातात का?"

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसलेले असताना मी हे विचारलं, आणि चांगलं मोठ्यानं विचारलं. तशी पैजच होती. नववीत आम्हां तिघींचा, म्हणजे मी, मुबीना आणि प्रणोतीचा, एक खेळ होता. शनिवारी शाळा सुटताना एकीनं दुसरीला एक प्रश्न द्यायचा, आणि तो सांगितलेल्या माणसाला, सांगितलेल्या ठिकाणी, न पुटपुटता विचारायचा. आठवीपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा अशी द्यायचे की बाई दोनदा नाव घ्यायच्या. मुबीना माझ्या बाकावर आली आणि माझं तोंड उघडलं ते उघडलंच. तोपर्यंत मी गणिताच्या सरांना त्यांचे दहावीचे मार्क विचारले होते आणि देवळाच्या पुजाऱ्यांना, नारळ एवढे जमतात त्याचं पुढं काय होतं, तेही. एकही पैज हरले नव्हते.

हा प्रश्न मुबीनाचा होता. तिची अम्मी आशासेविका. टीबीच्या पेशंटांना घरी जाऊन गोळ्या देते. मुबीना आमच्याकडे आली तेव्हा तिनं मालनआत्याला पाहिलं, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल पाहिला आणि परतताना म्हणाली, "टीबीच्या गोळ्यांनी लघवी लाल होते, केस नाही जात. अम्मीच्या एकाही पेशंटचे गेलेले नाहीत. विचार तुझ्या पप्पांना. हिंमत असेल तर."

तर मी विचारलं. पप्पांचा घास हातातच राहिला. आईनं माझ्या भरलेल्या वाटीत आणखी आमटी ओतली आणि ती ताटात सांडली.  उत्तर आलं ते बाहेरच्या सोप्यातून.

"जातात की," आत्या म्हणाली. "माझे गेलेत न्हवं का. गरम औषध हाय ते. जेव आता गप."

मालनआत्या पप्पांची थोरली बहीण. मी जन्मायच्या आधीपासून ती आमच्याकडेच. जयसिंगपुरात आमच्या गल्लीच्या आसपास विचारलंत तर तिला सगळे चटणीवाली मालनताई म्हणून ओळखतात. उन्हाळा लागला की घरोघरच्या बायका तिच्याकडं वर्षाच्या चटणीच्या मिरच्या आणून टाकायच्या. ती त्या वाळवायची, निवडायची, तव्यावर भाजायची, मसाले तळायची आणि कांडपगिरणीत डंकावर स्वतः उभं राहून कांडून घ्यायची. ती खोकायची तेव्हा आम्ही म्हणायचो, मिरचीचा ठसका. गिऱ्हाइकं म्हणायची, मिरचीचा ठसका. तीही तेच म्हणायची. आयुष्यभर मिरची भाजणारी बाई खोकणारच.

दिवाळीच्या सुमाराला तिच्या खोकल्यात रक्त पडलं. आई-पप्पा तिला मिरजेला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले, दोन-तीन खेपा झाल्या आणि मग पप्पांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की आत्याला टीबी झालाय, सलाईनमधून औषध द्यावं लागेल, पण बरा होणारा आहे.

त्याच संध्याकाळी आत्यानं आपलं अंथरूण सोप्यात नेलं. ताट, वाटी, तांब्या वेगळा केला. कुणी सांगितलं नव्हतं. तोवर मी तिच्याजवळ झोपायचे, तिच्या पोटावर पाय टाकून. आता तिचं माझ्याशी एकच वाक्य उरलं होतं, "लांब बस." मी शाळेतलं काही सांगायला गेले की पदर तोंडावर घ्यायची आणि उंबऱ्याकडं बोट दाखवायची. गिऱ्हाइकांनासुद्धा तिनं स्वतःच्या तोंडानं सांगून टाकलं, मला टीबी झालाय बायांनो, यंदा दुसरीकडं बघा. ती असं कशाला सांगते म्हणून आई चिडली होती. आत्या म्हणाली होती, खायची वस्तू आहे, लपवून कसं चालेल.

त्या रविवारी दुपारी हात धुतल्यावर पप्पांनी मला गाडीवर बसवलं आणि दुकानात नेलं. विजेच्या मोटारी रिवाइंड करायचं त्यांचं दुकान रविवारी बंद असतं. त्यांनी शटर अर्धंच वर केलं. आम्ही वाकून आत गेलो. तांब्याच्या तारेच्या रिळांमध्ये एका स्टुलावर मला बसवून ते माझ्याकडं पाठ करून उभे राहिले. मला वाटलं ओरडणार.

"टीबी नाही तो," ते म्हणाले.

मग त्यांनी नाव घेतलं, तेही इतक्या हळू की रस्त्यावरच्या रिक्षाच्या आवाजात अर्धं बुडालं. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला गाठ होती. मी लगेच विचारलं की मग कापून का टाकत नाहीत, गाठ ठेवून नुसती औषधं कशाला देत बसलेत. पप्पा म्हणाले, त्यांनीही मिरजेच्या डॉक्टरीणबाईंना पहिल्यांदा हेच विचारलं होतं. गाठ मोठी होती आणि एका जाड रक्तवाहिनीला जवळजवळ टेकली होती. तेव्हा कापायला गेलं असतं तर एकतर धोका, नाहीतर थोडी मागं राहून जायची. म्हणून आधी केमो द्यायचा, गाठ आक्रसू द्यायची, इकडंतिकडं पसरायला निघालेलं काही असेल तर तेही मारायचं, आणि मग ऑपरेशन. केस त्यानंच गेले होते. सलाईनच्या दिवशी आत्याच्या खुर्चीशेजारी आई का बसून असायची, तेही मला आता कळलं. शेजारचा पेशंट आत्याशी बोलायला तोंड उघडू लागला की आई त्याच्या हातात केळं द्यायची.

"आणि औषध लागू पडलंय," पप्पा वळून म्हणाले. दिवाळीनंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "नवीन स्कॅन झालाय. गाठ निम्म्याच्या आत आलीये. वाहिनीपासून सुटलीये. आता येत्या गुरुवारी ॲडमिट करायचं, शुक्रवारी ऑपरेशन."

"आत्याला माहितीये?"

त्यांचं हसू गेलं. तेव्हा त्यांनी मला आजीचं सांगितलं. पप्पा शाळेत असताना आजीला घशाखाली असाच आजार झाला होता. डॉक्टरनं तिच्या तोंडावर नाव घेतलं. त्या दिवसापासून आजीनं ताट बाजूला सारलं ते सारलंच आणि महिन्याभरात गेली. पप्पांचं म्हणणं, तिला आजारानं नाही, त्या नावानं मारलं. डॉक्टरीणबाई दर वेळी म्हणायच्या की पेशंटला सांगा. पप्पा दर वेळी हात जोडायचे आणि आत्याला बाहेरच्या बाकावर बसवून एकटे आत जायचे.

"माझ्या गळ्याची शपथ घे," ते म्हणाले. "आक्काला कळता कामा नये."

मी त्यांच्या गळ्याला हात लावला. गळा घामानं ओला होता. सोमवारी मुबीनाला मी सांगितलं की जातात म्हणे केस कधीकधी, औषधावर असतं. तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि दुसरा विषय काढला.

आता अडचण अशी झाली की औषध खरंच लागू पडलं होतं. आत्याचा खोकला थांबला होता. ती जिना एका दमात चढत होती, भाकरी मागून घेऊन खात होती. सोमवारी संध्याकाळी पप्पा सोप्यात तिच्यासमोर बसले आणि शक्य तितक्या सहज म्हणाले की आक्का, गुरुवारी जरा ॲडमिट व्हायचंय, एक छोटंसं ऑपरेशन आहे.

"कशाचं?"

"छातीत एक डाग राहिलाय."

"राहू दे की. डाग काय जेवायला मागतोय?"

मी दारात उभी होते. मला हसू आलं. पप्पा समजावत राहिले. आत्या ऐकून घेत राहिली, आणि प्रत्येक वेळी तिचंच बरोबर वाटत होतं. पलीकडच्या गल्लीतल्या शेवंताबाईंचा टीबी गोळ्यांनी गेला, त्यांना कुणी कापलं नाही. खोकला गेला, रक्त बंद झालं, वजन धरलं. बऱ्या झालेल्या माणसाला टेबलावर कशाला झोपवायचं? पप्पांनी मग डाग वाढू शकतो म्हटलं. आत्या म्हणाली, वाढला तर पुन्हा सलाईन घेऊ, आता कुठं सवय झालीय. पप्पा म्हणाले डॉक्टरांनी सांगितलंय. तेव्हा ती त्यांच्याकडं बघत बसली आणि मायेनं म्हणाली, "विलास, तू भोळा हायस. तुला कुणीबी कायबी सांगतंय."

 खरं कारण सोडून बाकी सगळी कारणं त्यांनी वापरून टाकली होती.

आतल्या खोलीत आई-पप्पांची कुजबुज चालली होती ती मला ऐकू येत होती. आई म्हणत होती, तारीख पुढं ढकला, वन्संची समजूत घालायला वेळ मिळेल. पप्पा म्हणत होते, डॉक्टरीणबाई म्हणाल्यात की आता वेळ घालवू नका. औषधानं गाठ आता दबलीये. जास्त थांबलो तर ती पुन्हा वाढायला लागेल, पुन्हा वाहिनीला चिकटेल, मग हे सगळं फुकट.

मंगळवारी मी शाळेतून आले तर दारात मिरच्यांची पोती. आत्यानं गल्लीतल्या बायकांना निरोप धाडला होता की टीबी गेलाय, आणा मिरच्या. आई स्वयंपाकघरात हात चोळत बसली होती. पप्पांनी जेवताना पुन्हा विषय काढला तेव्हा आत्या म्हणाली की हंगाम संपला की बघू. हंगाम संपायला पावसाळा उजाडतो.

बुधवारी मी शेवटचे दोन तास बुडवून घरी आले. आत्या गच्चीत होती. सगळी गच्ची लाल झाली होती, मधे फक्त एका पायापुरती वाट होती. ती सावलीच्या कडेला बसून मिरच्यांची देठं खुडत होती. मी मधल्या वाटेनं जाऊन तिच्या अगदी पुढ्यात बसले.

"लांब बस."

"का? गेलाय ना तुझा टीबी?"

"गेलाय. तरी थोडे दिस जाऊ देत. तुझं दहावीचं वर्ष येतंय." तिनं पदर तोंडावर ओढला. "शाळा सुटली का एवढ्यात?"

मी उठले नाही.  पप्पांचा ओला गळा माझ्या बोटांना आठवत होता. पण मला दारातली ती पोतीही दिसत होती आणि उद्याचा गुरुवारही.

"आत्या, तुला टीबी झालेलाच नाही."

ती देठं खुडत राहिली. "मग काय झालंय?"

"कॅन्सर."

खुडणं थांबलं नाही. एक मिरची, दुसरी मिरची. मला वाटलं तिला ऐकूच गेलं नाही. मग माझं तोंड सुरू झालं आणि मी सगळं सांगून टाकलं. गाठ, वाहिनी, केमो, आईची केळी, निम्म्याच्या आत आलेला स्कॅन, सगळंच. सांगताना मी तिच्या हातांकडं बघत होते. तोंडाकडं बघायची हिंमत नव्हती. शेवटी हात थांबले.

"फुप्फुसाचा?"

"हो."

"तो एकाचा दुसऱ्याला लागतो?"

मी मान हलवली. "नाही. अजिबात नाही."

"ताटातनं? जवळ झोपल्यावर?"

"कशानंच नाही गं."

तिनं पदर खाली घेतला. इतक्या जवळून तिचा चेहरा मी कितीतरी दिवसांनी बघत होते. भुवयासुद्धा गेल्या होत्या. "म्हंजे दिवाळीपासनं मी तुला लांब बसवलं ते उगंच," ती म्हणाली. "आणि तुझ्या बापाला हे ठाऊक होतं. मी त्या सोप्यात एकटी जेवतीया, हे रोज बघत होता तो."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिला ते पुसता येईना, कारण हात मिरचीचे. ती हात दोन्ही बाजूंना धरून तशीच बसली. मी ओढणीनं तिचे डोळे पुसले. पुसून झाल्यावरही मी तिथंच, तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि या वेळी ती काही म्हणाली नाही.

जरा वेळानं म्हणाली, "असं का केलं त्यानं?"

मी आजीचं सांगितलं. नाव ऐकलं आणि ताट सारलं, ते.

आत्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं मी काहीतरी भलतंच बोलले. "नावानं?" ती म्हणाली. "अगं, आईला गिळताच येत नव्हतं. पाण्याचा घोट खाली उतरत नव्हता. भूक लागायची तिला, रडायची. आणि ते पोरांना दिसू नये म्हणून ताट सारायची, भूक न्हाई म्हणायची. मी तिच्याजवळ असायची, मला ठाऊक हाय. विलास शाळेतनं यायचा, त्याला नुसतं सारलेलं ताट दिसायचं."

खाली रस्त्यानं भंगारवाला ओरडत गेला. आत्यानं खुडलेली देठं एका बाजूला गोळा केली. एवढी वर्षं पप्पांनी जपून ठेवलेली भीती चुकीची होती, आणि हे त्यांना सांगू शकणाऱ्या एकमेव माणसापासूनच त्यांनी ती लपवली होती. हे मी आता लिहितेय, बारावीत आल्यावर. तेव्हा मला एवढंच कळलं की आत्या आता विचार करतेय आणि मी मधे बोलायचं नाही.

"आता सांग," ती म्हणाली. "औषधानं गाठ एवढी लहान केली, तर उरलेली बी औषधानंच का न्हाई जात?"

"बारीक झालीये, मेली नाहीये. आत जिवंत काही राहिलं असेल तर ते परत वाढतं. म्हणून ती सुटी झालीये तोवर काढायची."

"वाळवायचं, मग कांडायचं," ती म्हणाली. "ओलीच घातली की डंकाला चिकटून बसती. तसंच ना?"

"तसंच असेल."

"असेल म्हंजे?"

"मला एवढंच माहितीये. पप्पांनी सांगितलं तेवढं."

"आणि किती कापणार? कापल्यावर जिना चढता येईल? डंकावर उभं राहता येईल? पुन्हा सलाईन घ्यावं लागेल?"

 मी म्हणाले की हे डॉक्टरीणबाईंनाच माहीत.

"त्या बाईला मी अजून एक शब्द विचारलेला न्हाई," आत्या म्हणाली. "माझी छाती, माझं फुप्फुस, आणि मी बाहेर बाकावर. मला विलास म्हणायचा, टीबीच्या माणसाला आत घेत न्हाईत. मी बी शहाणी, पदर तोंडावर धरून बसायची." ती उठायला लागली. मी हात दिला तर तिनं धरला, मिरचीच्या हातानं, आणि माझ्या हाताची दुपारभर आग होत राहिली. उभी राहिल्यावर तिनं सगळ्या लाल गच्चीकडं एकदा बघितलं. कुणाच्या कुठल्या मिरच्या ते ती मनात लावत असावी.

"भीती वाटतीये?" मी विचारलं. ही कुणी दिलेली पैज नव्हती.

"वाटतीया की. न वाटायला मी काय दगड हाय?" मग म्हणाली, "कापू दे. पण मला सांगून कापू दे."

मी खाली आले. आई-पप्पा स्वयंपाकघरात होते. पप्पा दुकान बंद करून लवकर आले होते आणि दोघांचं नवं काहीतरी ठरत होतं. छातीत पाणी झालंय, ते काढायला जायचंय असं आक्काला सांगू, असं पप्पा म्हणत होते. आई म्हणत होती की पाण्याला एक दिवस आधी का ॲडमिट करतील, वन्संना पटायचं नाही. मला बघून दोघं थांबले. माझ्या हातावरचं लाल, ओढणीवरचं लाल, सगळं पप्पांच्या नजरेला पडलं. त्यांचा हात आपोआप गळ्याकडं गेला.

"केतकी," ते म्हणाले. "तू काही बोललीस?"

जिन्यावर आत्याची पावलं वाजत होती. सावकाश, पण न थांबता. मी त्यांना म्हणाले, "आत्याला सगळं माहितीये. मी सांगितलं. ती उद्या येणार आहे, ऑपरेशनला तिची ना नाही. पण आधी ती डॉक्टरीणबाईंच्या समोर बसून तिला काय विचारायचं ते विचारणार. मी उद्या शाळेत जाणार नाही. तिच्याबरोबर आत मी जाणार. तुम्ही दोघं बाहेर बाकावर बसायचं."